रंग देण्याआधी रिम उघडी करून पाहा

गाडी वीसेक वर्षांची झाली आहे, पण विकायचं मन होत नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. कुणाकडे १.६ लिटरची फियाट पॅलिओ असेल, कुणाकडे पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, कुणाकडे जुनी होंडा सिटी व्हीटेक. या गाड्या त्या काळात पळवायच्या म्हणूनच घेतल्या गेल्या आणि आजही रविवारी पहाटे ताम्हिणीच्या नाहीतर लोणावळ्याच्या रस्त्याला लागतात. इंजिनाचं काम होतं, बॉडीला पॉलिश होतं, मग नजर चाकांवर जाते. क्लिअर उडालेला, कडा फुटपाथला घासलेल्या, बोल्टच्या भोवती पांढरं फुललेलं. चारही मॅग व्हील्स रंगवून घ्यायचं ठरतं.

जरूर घ्या. चाकं नीट झाली की अख्खी गाडी उठून दिसते आणि जुनी गाडी नीटनेटकी ठेवणं हे चांगलंच काम आहे. माझी विनंती एकच आहे. रंगाचा पहिला हात पडण्याआधी रिम टायर काढून, धुऊन, जुना रंग उतरवून, पुढून आणि मागून उघडी पाहा. रंगाखाली तडा लपतो, ठोकून काढलेला बाक लपतो, वेल्डिंगही लपतं. आणि ताशी १०० च्या वेगात तुमचं आणि मागच्या सीटवरच्या मुलांचं सगळं ओझं त्या रिमवर असतं.

पहिली गोष्ट, गाडीवर आहेत त्या रिम्स तिच्याच आहेत का? इतक्या वर्षांत मालक दोन-तीन तरी बदललेले असतात आणि मधल्या कुणीतरी बाजारातून दुसरी चाकं घालून घेतलेली असतात. पॅलिओच्या बाबतीत हे मी फार पाहतो. पॅलिओचे चार बोल्ट ९८ मिलिमीटरच्या वर्तुळावर बसतात. मारुती, होंडा, ह्युंदाईच्या बहुतेक लहान गाड्यांचं हेच वर्तुळ १०० मिलिमीटरचं असतं. फरक २ मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक भोक आपल्या जागेपासून १ मिलिमीटर सरकलेलं. डोळ्याला ते कळत नाही. पहिला बोल्ट सरळ जातो, बाकीचे पान्याच्या जोरावर तिरके ओढले जातात आणि दुकानदार म्हणतो, ‘बसलं बघा.’ बसलेलं नसतं. बोल्टचं डोकं आपल्या खळग्यात एका बाजूने टेकलेलं असतं, दुसरी बाजू मोकळी. असा बोल्ट हळूहळू सैल होतो, वाकतो, आणि एके दिवशी तुटतो. आपली पॅलिओ एके काळी मुंबईत कुर्ल्याला बनायची आणि त्याच कुर्ल्यात सीएसटी रोडला जुन्या रिम्सचा मोठा बाजार आहे. तिथे तिला साजेशी म्हणून दाखवलेली प्रत्येक रिम तिची नसते.

ऑक्टेव्हियाचंही तसंच. पहिल्या ऑक्टेव्हियाचे पाच बोल्ट १०० च्या वर्तुळावर, त्यानंतर आलेल्या लॉराचे ११२ च्या. नाव एकाच कंपनीचं, पण चाक अदलाबदल होत नाही. शिवाय स्कोडाच्या बोल्टची बैठक गोल असते आणि बाजारातल्या बऱ्याच रिम्सची निमुळती. निमुळत्या खळग्यात गोल डोक्याचा बोल्ट नुसता एका बारीक कडेवर टेकतो. तेव्हा रंगाचं बोलण्याआधी बोल्टचं वर्तुळ, बोल्टची बैठक आणि मधल्या भोकाचं माप, ही तीन मापं जुळवा. मधलं भोक मोठं असेल तर हबवर बरोबर मापाची रिंग बसवून घ्या, नाहीतर ८० च्या पुढे स्टेअरिंग थरथरत राहील आणि तुम्ही विनाकारण बॅलन्सिंगवर पैसे घालाल.

रिमच्या मागे काय कोरलंय तेही वाचा. जपानी रिमवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही अक्षरं ओतीव असतात, युरोपातून आलेल्या बऱ्याच रिम्सवर केबीए आणि त्यापुढे नंबर असतो. रुंदी, व्यास आणि ऑफसेट लिहिलेला असतो. खोटी अक्षरं ओतणारेही आहेत, म्हणून नुसत्या खुणेवर विसंबून राहू नका. पण जिच्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, माप नाही, काहीच नाही, अशी रिम कितीही सुंदर असली तरी घेऊ नका. आणि बाजारातून जुनी रिम घ्यायचीच असेल तर ताजा रंग मारलेली अजिबात घेऊ नका. खरवडलेली, मळलेली, डाग पडलेली घ्या. तिने काय सोसलंय ते निदान दिसतं.

आता तपासणीकडे येतो. इथे घाई नको.

टायर उतरवून घ्या. टायर चढलेला असताना रिमचा आतला भाग दिसतच नाही आणि आपल्या रस्त्यांवर मार बसतो तो बहुतेक वेळा आतल्या कडेलाच. बाहेरची कड आऱ्यांजवळ असल्याने तिला आधार असतो. आतली कड आऱ्यांपासून लांब, नुसत्या पातळ भिंतीच्या टोकाला असते. खड्ड्यात चाक आदळलं, टायर दबला, की त्या कडेला बाक येतो आणि बाकाच्या पोटात तडा सुरू होतो. मुंबई-गोवा महामार्गावर दोन-तीन पावसाळे काढलेल्या गाडीची आतली कड नुसत्या हाताने चाचपली तरी कळते. बोट एके ठिकाणी किंचित आत जातं.

रिम भांडी घासायच्या साबणाने आणि कोमट पाण्याने धुवा. ग्रीस-डांबर केरोसिनने काढा. ब्रेकची काळी पूड फार चिकट असते. त्यात तापलेल्या लोखंडाचे कण असतात आणि ते लाखेत रुतून बसतात. ती काढायला आयर्न रिमूव्हर म्हणून फवारा मिळतो, तो लावल्यावर जांभळा ओघळ येतो, तो वापरा. काही धुण्याच्या ठिकाणी बिननावाच्या कॅनमधलं ‘ॲसिड’ मारतात आणि चाक दोन मिनिटांत लखलखतं. त्यापासून लांब राहा. त्यात बऱ्याचदा हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याच्याच जातीचा क्षार असतो. कातडीवर पडल्यावर ते लगेच झोंबत नाही. वेदना काही तासांनी सुरू होते, तोवर ते आत शिरलेलं असतं. धुणाऱ्या पोराच्या हातात मोजेही नसतात. तुमच्या गाडीवर ते मारू देऊ नका, आणि का नको ते त्याला नीट समजावून सांगा.

रिम सुकली की एका अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून तिच्यावर फिरवा. समोरून उजेड मारला तर तडा दिसत नाही, आडव्या उजेडात त्याची सावली पडते. चार जागा लक्ष देऊन पाहा: आतली कड, आरा जिथे बाहेरच्या कड्याला मिळतो तो कोपरा, आरा जिथे मध्यभागातून निघतो तो कोपरा आणि बोल्टच्या भोकांचा परिसर. संशयाच्या जागी नख फिरवा. ओरखड्यावर नख सहसा घसरतं, तड्यात ते बहुतेकदा अडतं.

तरी शंका उरली तर डाय पेनिट्रंटचे तीन डबे आणा. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात ते मिळतात, चाकण-भोसरीतल्या कारखान्यांत रोज वापरात असतात. आधी क्लीनर मारून जागा पुसायची. मग लाल रंगाचा फवारा. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. तो इतका पातळ असतो की केसाएवढ्या भेगेतही शिरतो. मग वरचा सगळा लाल रंग कापडाने पुसून टाकायचा. क्लीनर कापडावर घ्यायचा, थेट रिमवर मारायचा नाही, नाहीतर भेगेतलाही रंग धुऊन जातो. शेवटी पांढरा डेव्हलपर हलक्या हाताने. दोन-चार मिनिटं बघत बसा. पृष्ठभाग खडूसारखा पांढरा होतो आणि तडा असेल तर त्या पांढऱ्यात एक बारीक लाल रेघ आपोआप उमटते, मग जाड होत जाते. ज्याने ती रेघ एकदा पाहिली तो पुन्हा कधी आंधळेपणाने जुनी रिम रंगवत नाही. ही चाचणी जुना रंग उतरवल्यावरच करायची (तो कसा उतरवायचा ते पुढे सांगतो), रंगावर तिचा उपयोग नाही.

याबरोबर टायरवाल्याच्या बॅलन्सिंग मशीनवर मोकळी रिम फिरवून पाहा. कडेजवळ एखादी स्थिर खूण धरली की किती डुलते ते कळतं. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत डुलली तर चालून जातं. डोळ्याला सहज जाणवण्याइतकी डुलत असेल तर तिच्यावर रंगाचा खर्च करण्यात अर्थ नाही.

तडा सापडला तर पुढे काय? आपल्याकडे उत्तर तयार असतं: आर्गन वेल्डिंग मारून घ्या. बाक असेल तर गॅसने तापवून, ठोकून बेंड काढून घ्या. दोन्ही कामं गल्लोगल्ली होतात, स्वस्तात होतात, आणि रंग मारला की काही कळत नाही. मी स्पष्टच सांगतो, आरा, मध्यभाग किंवा बोल्टची जागा यांपैकी कुठेही तडा असेल तर ती रिम संपली. आतल्या कडेच्या तड्यालाही वेल्डिंग करून ती परत रस्त्यावर आणू नये, असं माझं मत आहे.

कारण समजून घ्या, म्हणजे कुणी पटवू लागलं तरी तुम्ही ठाम राहाल. बहुतेक रिम्स ॲल्युमिनियममध्ये साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम घालून ओतलेल्या असतात. नुसत्या ओतण्याने त्यांना ताकद येत नाही. कारखान्यात त्या ५४० अंशांच्या आसपास काही तास तापवतात, मग एकदम पाण्यात थंड करतात आणि पुन्हा दीडशे-पावणेदोनशे अंशांवर तासन्‌तास मुरवतात. रिमची सगळी ताकद या तापवण्या-मुरवण्यातून आलेली असते. वेल्डिंगची ज्योत लागली की जोडाच्या आजूबाजूचा पट्टा त्या ताकदीला मुकतो. जोड टिकतो आणि त्याच्या शेजारी नवा तडा जातो. गॅसच्या टॉर्चचंही तेच. शिवाय ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. दिसायला तसंच्या तसं राहतं आणि एकाएकी ढासळतं. म्हणून टॉर्च धरणाऱ्याला आपण किती तापवलं ते कळतच नाही. जर्मनीत रिमला वेल्डिंग करणं, तापवणं, ठोकून सरळ करणं मान्यच नाही; दुरुस्ती म्हणून परवानगी आहे ती वरवरच्या ओरखड्यांपुरती. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीत तडा गेलेलं चाक आढळलं तर गाडी नापास होते. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना हे ठाऊक असतं. तीच काळजी इथेही घ्यायला हवी, कारण आपले रस्ते त्यांच्यापेक्षा जास्त मार देतात.

रिम तपासणीतून सुटली की मग रंगाचं काम, आणि ते आनंदाचं काम आहे.

जुना रंग उतरवायला पेंट रिमूव्हर चालतो, पण उघड्या हवेत, रबरी मोजे आणि चष्मा घालून. कॉस्टिक सोडा वापरू नका. तो रंगाबरोबर ॲल्युमिनियमही खातो आणि खाताना हायड्रोजन सोडतो. ब्लास्टिंग करून घेत असाल तर साधी वाळू नको. तिने रिम खडबडीत होते आणि तिची धूळ काम करणाऱ्याच्या फुप्फुसाला कायमची इजा करते. काचेची बारीक गोळी किंवा प्लास्टिक मीडिया असलेलं दुकान शोधा.

कडेचे फुटपाथचे ओरखडे ८० च्या पेपरने सुरू करून १८०, मग ३२० असे उतरत न्यावेत. खोल ओरखडा भरून काढण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी हलका उतार देऊन मिसळवून टाकणं चांगलं. भरायचाच असेल तर ॲल्युमिनियम मिसळलेली इपॉक्सी पुट्टी घ्या आणि फक्त बाहेरच्या कडेवर, फक्त दिसण्यासाठी वापरा. बॉडीची लांबी रिमवर टिकत नाही. टायर चढवताना मशीनच्या जबड्याखाली तिचा पोपडा निघतो.

पांढरं फुललेलं मात्र मुळापासून काढा. कोकणात, मुंबईत, समुद्राच्या हवेत मीठ असतं. क्लिअरवर एक ओरखडा पडला की तिथून ओल आत शिरते आणि लाखेखाली वळवळत्या पांढऱ्या रेघा पसरत जातात. त्या वरून झाकल्या तर पहिल्याच पावसाळ्यानंतर नव्या रंगाखाली पुन्हा उठतात. चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, पुसा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरू लागतो. रिम रात्रभर उघडी ठेवून सकाळी प्रायमर मारला तर पकड कमी येते.

आता झाकाझाकी, जिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. रिमच्या काही जागांना जाड रंग लागताच कामा नये: बोल्टची बैठक, रिम हबला टेकते ती मागची सपाट बाजू आणि मधल्या भोकाची आतली भिंत. तिथे रंग असला की बोल्ट आवळताना आपण धातूऐवजी रंग दाबत असतो. दोन-चार दिवसांत तो रंग चेपला जातो, तेवढी बोल्टची पकड ढिली होते. बोल्टच्या खळग्यांत मुलांच्या काचेच्या गोट्या ठेवा; अचूक बसतात, फवारा मारल्यावर उचलून घ्यायच्या. मागच्या सपाट बाजूला मास्किंग टेप. टायर ज्या कडेवर बसतो तिथेही रंग पातळच हवा, नाहीतर हवा झिरपत राहते.

प्रायमरला ४०० ते ६०० चा वॉटर पेपर मारून मग सिल्व्हरचे दोन-तीन पातळ हात द्या. रिम फिरत्या स्टुलावर आडवी ठेवा. आधी आऱ्यांच्या बाजू, मग खाचा, शेवटी पुढचा चेहरा. वीस-पंचवीस सेंटिमीटर लांबून. एकाच हातात रंग भरायला गेलात तर सिल्व्हरचे कण एके ठिकाणी जमतात आणि ढग दिसतात. हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा. वर टूके, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या क्लिअरचे दोन हात. हे काम भर पावसात करू नका. हार्डनरची हवेतल्या ओलाव्याशीही अभिक्रिया होते, क्लिअरवर धुरकट झाक येते किंवा बारीक फोड उठतात. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे कोरडे दिवस यासाठी उत्तम. रंगाच्या छटेबाबत माझा कल गाडीबरोबर आलेल्या मूळ सिल्व्हरकडेच आहे. काळ्या रंगात ब्रेकची पूड लपते हे खरं, पण जुन्या गाडीच्या आऱ्यांची घडणही त्यात लपते. ही आवड ज्याची त्याची.

या क्लिअरबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासातून गेला तर दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोड्याशा वासानेही छाती भरून येते. आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात अठरा-वीस वर्षांची पोरं तोंडाला रुमाल बांधून दिवसभर हे फवारतात. रुमालाने काही अडत नाही. घरी करत असाल तर स्प्रे कॅनमधला साधा, हार्डनर नसलेला ॲक्रिलिक क्लिअर वापरा. थोडा कमी टिकेल, चालेल. त्यालाही मोकळी हवा आणि कार्ट्रिजचा मास्क हवाच. टूके हवाच असेल तर तो बूथ आणि बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या दुकानाकडून करून घ्या. दुकान निवडताना रंगाचे नमुने पाहतो तसं रंगवणाऱ्याच्या तोंडावर काय आहे तेही पाहा. आणि दुकानमालकांनो, तो मास्क एका गाडीच्या रंगकामाच्या मानाने फार महाग नाही.

पावडर कोटिंग टिकाऊ असतं आणि रोजच्या वापराच्या गाडीला ते साजतं. त्यासाठी रिम भट्टीत १८० ते २०० अंशांवर दहा-वीस मिनिटं ठेवतात. वर मुरवण्याचं तापमान सांगितलं ते आठवा. ही भट्टी त्याच्या वर जाते. एकदा, मोजलेल्या तापमानाला, तेवढ्याच वेळापुरतं झालं तर सहसा बिघडत नाही. भट्टीला थर्मामीटर आहे का, वेळ कोण पाहतं, हे विचारा. बिघडलं म्हणून तीच रिम पुन्हा पुन्हा भट्टीत घालू देऊ नका. इपॉक्सी पुट्टी भरलेली रिम भट्टीत नकोच.

डायमंड कट, म्हणजे लेथवर पुढचा चेहरा कापून चकाकी आणणं, दरवेळी थोडा धातू खातं. जुन्या रिमवर ते आधी किती वेळा झालंय हे कुणालाच माहीत नसतं. शिवाय कापलेल्या धातूवर फक्त पातळ क्लिअर असतो, त्यामुळे पांढऱ्या रेघा सगळ्यात आधी तिथेच येतात. किनारपट्टीवर राहत असाल तर त्या वाटेला जाऊ नका.

कधीकधी रिमवर मुळात रंग नसतोच. पोर्शे ९११ एसची प्रसिद्ध पाच पाकळ्यांची रिम हे याचं उत्तम उदाहरण. हाइनरिश क्ली यांनी तिचा आकार केला आणि जर्मनीतल्या माइनर्झहागेनच्या ओटो फुक्स कंपनीने १९६६ पासून ती बनवली. ती ओतलेली नाही, दाबून घडवलेली आहे, म्हणून हलकी आणि चिवट. तिच्या पाकळ्यांवरची मऊ चमक अ‍ॅनोडायझिंगची आहे. अशा रिमला कुणी चमकवायचं म्हणून बफिंग केलं किंवा तीव्र क्षाराने धुतलं की तो थर जातो आणि तो परत आणणं मोठं जिकिरीचं होतं. तुमच्या गाडीच्या रिमची मूळ फिनिश कोणती होती हे आधी शोधा, मग हात लावा. जुन्या रेसिंग गाड्यांच्या मॅग्नेशियमच्या रिम्सना तर घरी पेपरही मारू नका. त्यांचा भुसा पेट घेतो आणि त्यावर पाणी टाकलं तर आग आणखी भडकते.

रंग झाल्यावर घाई करू नका. रात्रीत हाताला सुकलेला वाटतो, पण पक्का व्हायला आठवडाभर तरी जातो. त्याआधी टायर चढवला तर कडेचा रंग गुंडाळून निघतो. टायरवाल्याला जबड्यावर प्लास्टिकचं आवरण लावायला सांगा. रबरी व्हॉल्व्ह या वेळी नवा घालाच. टायर उतरलेला आहे, खर्च किरकोळ आहे. बॅलन्सिंगची वजनं आतून चिकटवायची घ्या. कडेला ठोकायची वजनं नवा क्लिअर पहिल्याच दिवशी फोडतात. आणि टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यात बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. ‘१२१५’ असेल तर तो २०१५ च्या बाराव्या आठवड्यातला टायर आहे. तो पुन्हा चढवू नका.

चाक बसवताना हबवरचा गंज वायर ब्रशने साफ करा. बोल्ट आधी हाताने लावा, तिरका जात असेल तर हाताला लगेच कळतं. मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत. ऑक्टेव्हियाला तो १२० न्यूटन मीटर आहे. तुमच्या गाडीचा पुस्तकात पाहा. हवेच्या गनने एका दमात आवळू देऊ नका. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवल्यावर गार चाकावर पुन्हा एकदा पाना लावून पाहा. नवीन रंगाच्या चाकाला हे लागतंच.

राहिली ती तपासणीत नापास झालेली रिम. ती गच्चीवर टाकून ठेवू नका आणि अख्खी भंगारवाल्याला देऊ नका. अख्खी रिम बहुतेकदा वितळत नाही. ती वेल्डिंग होऊन, रंगून पुन्हा बाजारात येते आणि कुणाच्या तरी गाडीला लागते. देण्याआधी ग्राइंडरने तिच्या कडेला आरपार एक काप द्या, मध्यभागापर्यंत. ॲल्युमिनियमचा भाव वजनावर असतो, कापलेल्या रिमचेही तेवढेच पैसे येतात. गॅरेजवाला कापायला काचकूच करू लागला तर तिथेच उभे राहा आणि समोर कापून घ्या.